नव्या खेळातली हाक

"स्वरूप, डावीकडं. स्वरूप, वाक की खाली."

धनश्री दर वाक्याला त्याला नावानं हाक मारत होती. मार्गासनीला घराच्या ओसरीत बसून प्रेरणा ते मोबाईलवरच्या गेममधून ऐकत होती आणि प्रत्येक हाकेला जळत होती. धनश्री म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, स्वरूपच्या मामाची मुलगी. प्रेरणाचं स्थळ यायच्या आधी घरात तिचंच नाव निघालं होतं. पत्रिका जुळली नाही, एवढंच.

महिन्यापूर्वी हे असं नव्हतं. डेअरीत दूध घातलं की स्वरूपचा टेम्पो वेल्ह्यात तासभर उभा असायचा. त्या तासात तो टेम्पोत बसून आणि ती घरी बसून बंदुकीचा गेम खेळायचे. गेम जुना होता, चित्रं साधी. त्यात बोलायची सोय नव्हती. बोटानं दाबायच्या तयार सूचना होत्या : ‘मागे शत्रू’, ‘मला वाचवा’, ‘इकडे या’. घरात सासूच्या देखत नवऱ्याशेजारी बसायचं म्हणजे संकोच. गेममध्ये मात्र ती त्याच्या बरोबरीनं रानंच्या रानं तुडवायची. ‘इकडे या’ दाबलं की तो धावत यायचा.

मग नवा गेम निघाला. त्यात चौघांची टोळी, आणि सगळं तोंडानं बोलायचं. स्वरूपचा गुंजवण्याचा दोस्त रायबा आला. वेल्ह्यात झेरॉक्सच्या दुकानात बसणारी धनश्री आली.

"फोनात दोन्ही मावंनात. म्या जुना काढला," स्वरूप म्हणाला. "तू बी ये नव्यात."

ती गेली, आणि पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. स्वरूपच्या पाठीवर शत्रू चालून येताना एकट्या प्रेरणाला दिसला.

"अहो, मागं!" ती ओरडली.

रायबा गर्रकन वळला. स्वरूप पडला.

"मला वाटलं, रायबाला म्हणतीस," स्वरूप म्हणाला.

"वैनी, हितं दोन-दोन अहो हायेत," धनश्री म्हणाली. "त्यातला तुमचा कंचा, ते तरी सांगा."

रायबा हसला. स्वरूपही हसला, ते तिला जास्त लागलं.

पण नाव घ्यायचं कसं? लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं नेम घालून दिला होता. नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, त्याचं आयुष्य कमी होतं. उखाण्यापुरतं घेतलं तेवढंच. सासूचा, सगुणाबाईंचाही तोच नेम. ओसरीच्या भिंतीवर सासऱ्यांचा हार घातलेला फोटो होता. आठ वर्षांपूर्वी भाताच्या वावरात त्यांना बैलानं मारलं. पण त्यांचं गेनबा हे नाव सगुणाबाईंच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. त्या ‘स्वरूपचा बा’ म्हणायच्या.

प्रेरणानं नवा गेम काढला आणि जुना परत घेतला. चार दुपारी ती त्या ओळखीच्या रानात एकटी उभी राहिली. ‘इकडे या’ दाबत राहिली. कुणी आलं नाही. पाचव्या दिवशी जेवताना स्वरूप सहज म्हणाला, "धनश्री आता माझ्याच जोडीला असती. नजर लई तेज हाय तिची."

प्रेरणानं घास खाली ठेवला. तिनं ताटातल्या भाताकडं बघत विचारलं, "आणि माझी?"

"तुझी बी हाय. पर दिसलेलं सांगाया नको का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा नव्या गेममध्ये आली. शेजारी सगुणाबाई रोजच्या अकरा माळांच्या जपाला बसल्या होत्या. डोळे मिटलेले, बोटांत तुळशीची माळ, तोंडात देवाचं नाव. धनश्रीचं चालूच होतं. स्वरूप, हिकडं. स्वरूप, थांब. प्रेरणा तोंड मिटून मागं मागं चालत राहिली.

आणि स्वरूपच्या पाठीमागच्या टेकाडावर तिला पुन्हा एक जण दिसला. बंदूक रोखलेला. धनश्रीलाही तो दिसला असावा, कारण तिनं घेतलेला श्वास मोबाईलमधून ऐकू आला.

"स्व..." धनश्री म्हणाली.

आताही हीच. प्रेरणाच्या डोळ्यांपुढं लाल झालं.

"स्वरूप, मागं!"

स्वरूप वळला. गोळी आधी त्याची सुटली. टेकाडावरचा माणूस खाली आला.

मोबाईलमधून धनश्री पुटपुटली, "घेतलं बाई नाव एकदाचं."

घटकाभर प्रेरणाला धनश्रीच्या हातातलं काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटलं. मग ओसरी किती शांत झालीये, ते तिच्या ध्यानात आलं. माळ थांबली होती. सगुणाबाई डोळे उघडून तिच्याकडं बघत होत्या. प्रेरणानं मोबाईल पालथा घातला. नेम मोडला होता, आणि तोही नवऱ्याला वाचवायला नव्हे. त्या दुसरीच्या आधी बोलायला.

"चुकले, आत्या," ती सासूला म्हणाली. "रागात तोंडातनं निघून गेलं."

"वळला का त्यो?"

"व्हय."

सगुणाबाईंनी फोटोकडं बघितलं.

"त्या दिशी लावणीला आठ गडी व्हते," त्या म्हणाल्या. "चिखलणीच्या औताचा बैल उधळला. म्या बांधावरनं वरडले, अवं, मागं बघा. सात गडी वळले. स्वरूपचा बा तेवढं वाकलेलंच ऱ्हायलं. वाटलं आसंल, दुसऱ्या कुनाची तरी बायकू वरडती."

सगुणाबाईंनी डोळे मिटले आणि माळेचा पुढचा मणी ओढला. ओठ हलले. रोज तिथं देवाचं नाव यायचं.

"गेनबा," त्या म्हणाल्या.