वाटीएवढी जागा

"ब्रशनं एकेक तार रंगवत बसलो असतो, तर दिवाळी सरून शिमगा उजाडला असता," असं म्हणत शकूकाकूंच्या जावईबापूंनी चंदेरी रंगात बुडवलेला रोलर कुंपणाच्या जाळीवरून तिरका फिरवला. रंग उडू नये म्हणून पलीकडून गोणपाट धरलं होतं, ते शेजारी नव्यानं राहायला आलेल्या मुलीनं. नाकावर ठिपका पडला तरी ती हसत होती.

काकू चहा घेऊन आल्या, तेव्हा सगळी जाळी चमकत होती. त्यांची नजर मात्र पेरूच्या झाडाशी थबकली.

"इथं जाळी फाकली होती. रोलर अडकायला लागला, म्हणून पकडीनं सरळ करून टाकली," जावईबापूंनी कौतुकाच्या आशेनं सांगितलं.

तिथूनच शेजारच्या घरात आधी राहणाऱ्या तेरदाळेवहिनींची आमटीची वाटी इकडे यायची आणि इकडची चटणी घेऊन परत जायची. रिकामी कधी गेली नाही. वहिनी कायमच्या मुलाकडे बडोद्याला निघाल्या, तेव्हाही दोघींनी त्याच भोकातून एकमेकींचे हात धरले होते. फाटकाशी जाऊन निरोप घ्यायचं एकीलाही सुचलं नव्हतं.

संध्याकाळी शेजारची मुलगी गरम सांज्याची वाटी घेऊन जाळीपाशी आली. वरून द्यायला तिचा हात पुरेना.

"काकू, फाटकातून येऊ का?"

"थांब गं जरा." काकूंनी पदर खोचला. "जावईबापू, ती मघाची पक्कड आणा बघू इकडं."