सकाळची गोळी

कपिलतीर्थ मंडईत वांगी निवडता निवडता वसंतराव मटकन खाली बसले. भाजीवाल्या चिमणाबाईनं पाणी पाजून त्यांना रिक्षात घातलं. दवाखान्यात वरचं प्रेशर निघालं नव्वद.

उन्मेषला काही कळेना. वडिलांच्या किडन्या अधू झाल्यापासून घरातली सगळी धडपड प्रेशर उतरवायची होती. पापड-लोणचं बंद, रश्श्यात मीठ नावाला. आत्ता कुठं ते ताब्यात आलं होतं.

"चढलं तरी किडनीला धोका, इतकं उतरलं तरी धोकाच," डॉक्टर म्हणाले. "गोळी दोनदा जाते काय?"

"रोज सकाळी मी स्वतः हातावर ठेवते," उन्मेषची आई नंदिनीबाई म्हणाल्या.

वसंतराव जमिनीकडं बघत होते. "ती देते ओ. मीच विसरतो आणि परत एक घेतो."

उन्मेष चमकला. जुन्या विद्यार्थ्यांना रस्त्यात नावानिशी हाक मारणारा हा माणूस. पण वय झालं, असं म्हणून त्यानं गोळ्यांचा डबा आईच्या कपाटात ठेवला आणि किल्ली तिच्या हातात दिली. "आता बाबांच्या हाताला काही लागू देऊ नको."

आठवड्यानं प्रेशर आणखी खाली. डॉक्टरांनी गोळी निम्म्या ताकदीची केली, तरी चक्कर थांबेना. उन्मेषनं शेजारच्या हंबीररावांचं प्रेशरचं मशीन आणून बघितलं. तेही तेच सांगत होतं. रक्ताच्या तपासणीत किडनीचं काम आणखी ढासळलेलं दिसलं. डबा कुलपात, मग बाबा गोळ्या आणतात कुठनं?

रविवारी तो सकाळपासून बाहेरच्या सोप्यात वडिलांसमोर बसून राहिला. चहानंतर आईनं गोळी दिली. वसंतरावांनी घेतली. आई मटार सोलायला गेली. थोड्या वेळानं ती पाण्याचा तांब्या घेऊन परत आली.

"अहो, सकाळची गोळी राहिलीय. घ्या."

उन्मेष उठणार, तोच वसंतरावांनी हातानं त्याला थोपवलं. ती समोर उभीच होती. त्यांनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्याले.

"बरं झालं आठवण केलीस," ते म्हणाले.

ती आत गेल्यावर उन्मेष त्यांच्याजवळ येऊन बसला. "बाबा, तुम्ही विसरत नाही."

"हळू बोल," वसंतराव म्हणाले. "तिला अजून कळलेलं न्हाय."