पहिलं वाक्य

"पण ते वाक्य खरं आहे!" फोनमधून मोठे डॉक्टर जवळजवळ ओरडलेच.

"खरं आहे ना? मग ते दुसरं वाक्य करा," आई म्हणाली. "पहिलं नको."

फोन टेबलावर होता, स्पीकर चालू. समोर लॅपटॉप उघडून बसलेली लेक आईला हातवारे करून सांगत होती, सोड, जाऊ दे, लेख छापून टाकू आहे तसा. आईने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती रुमालाने चष्म्याची काच पुसत होती.

वाक्य असं होतं : 'बहुतेक रुग्ण आमच्याकडे उशिरा पोचतात.' हृदयविकाराच्या झटक्यावरचा लेख तिथून सुरू होत होता. आईने तो दोनदा परत पाठवला होता. दोन्ही वेळा खाली एकच शेरा, पहिलं वाक्य बदला.

आई वर्तमानपत्रात उपसंपादक होती. तिथे तिला सगळे कात्री म्हणत. निवृत्तीनंतर तिने आरोग्यावरचा ब्लॉग सुरू केला आणि नावही सोबत आणलं. ब्लॉगवर ती स्वतः एक ओळ लिहीत नसे. "मला काय कळतं त्यातलं? ज्याला कळतं त्याला बोलवायचं," म्हणायची. आणि खरोखर बोलवायची. दाताच्या डॉक्टरांशी तिने स्वतःचं तोंड उघडं असतानाच लेखाचं पक्कं केलं होतं. गुडघ्यांचे व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट लिहून गेली. डायलिसिसवर असलेला बसचालक लिहून गेला, आणि त्याचा लेख डॉक्टरांच्या लेखांपेक्षा जास्त वाचला गेला. सगळे पाहुणे. मानधन म्हणून कात्री.

मोठ्या रुग्णालयातलं मात्र कुणी फिरकत नव्हतं. रिकामटेकड्या बाईचा उद्योग, असं तिथे कुणीतरी म्हटल्याचं आईच्या कानावर आलं होतं. हे हृदयरोगतज्ज्ञ पहिलेच. ते आले की बाकीचे येणार होते. ते गेले, तर ब्लॉग कायमचा रिकामटेकड्या बाईचा उद्योगच राहणार होता. हे आईला लेकीपेक्षा चांगलं कळत होतं. डॉक्टरांच्या मागे महिनोन्महिने फोनवरून तीच लागली होती.

"अहो कात्रीबाई, माझा जन्म गेलाय यात!"

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. आता सांगा, हा लेख कोण उघडणार? ज्याच्या घरात या क्षणी कुणाच्या तरी छातीत दुखतंय, तो. घाबरलेलं माणूस पहिलं वाक्य ऐकतं, डॉक्टर. पुढचं सगळं डोक्यावरून जातं."

"मग नकाच छापू!"

फोन बंद झाला.

"झालं समाधान?" लेक म्हणाली. "एका वाक्यापायी एवढा माणूस घालवलास."

आईने चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुझे बाबा गेले तेव्हा तू लहान होतीस. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, 'तुम्ही उशीर केलात.' माणूस वाईट नव्हता गं. नंतर चार शब्द चांगलेही बोलला असेल. पण मी ते एकच वाक्य घेऊन घरी आले. अजून इथेच आहे ते."

लेकीने लॅपटॉप हळूच मिटला.

काही आठवड्यांनी लेख पुन्हा आला. सोबत नमस्कार नाही, चमत्कार नाही, नुसता लेख. सुरुवात अशी होती : 'छातीत दुखतंय? आधी बसा, आणि घरातल्या कुणाला तरी हाक मारा.' उशिराचं वाक्य पार खाली सरकलं होतं. लेख घरोघरी फिरला. त्यामागोमाग भूलतज्ज्ञ आले, बालरोगतज्ज्ञ आले. आईची कात्री दिवसभर चालू राहू लागली.

"जिंकलीस बाई तू," लेक म्हणाली.

"लिहिताना बदललंय," आई म्हणाली. "बोलताना बदललं, तर खरं."

त्या वर्षी एका दुपारी आई स्वयंपाकघरात कोसळली. लेकीने अँब्युलन्स बोलावली, शेजाऱ्यांना हाका मारल्या, आईला दारापर्यंत नेलं. मग ती परत आत धावली. चष्म्याशिवाय आईला तिथे काही दिसणार नाही, म्हणून. चष्मा टेबलाखाली गेला होता. तो सापडायला वेळ लागला.

आता रुग्णालयाच्या बाकावर तोच चष्मा तिच्या मुठीत होता. तो शोधण्यात गेलेला वेळ ती मनात पुन्हा पुन्हा मोजत होती. बंद दारामागून कुठलं वाक्य येणार, ते तिला पाठ होतं. तिच्या घरात ते आधीपासूनच राहत होतं.

दार उघडलं.

"त्यांच्या घरचं कोण आहे?"

आवाज तिने लगेच ओळखला. ती उभी राहिली. केसपेपरवर आईचं खरं नाव होतं. आत निजलेली बाई म्हणजे कात्री, हे या डॉक्टरांना कळायला काही मार्ग नव्हता.

त्यांनी तिला खुणेने बसायला सांगितलं आणि स्वतःही शेजारी बाकावर बसले. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं, काहीतरी खोडून टाकल्यासारखं. मग तिच्याकडे पाहिलं.

"तुमच्याकडून काहीही राहून गेलं नाही," ते म्हणाले.

त्यानंतर ते बराच वेळ बोलत होते, ती मान हलवत होती. आई गेल्याचंही त्यांनी त्यातच कुठेतरी सांगितलं असणार. ती पहिलं वाक्य घेऊन घरी आली.