एकादशीचा बेत

साबुदाणा भिजत घालता घालता सासूबाईंनी आमच्या बेतावर पाणी फिरवलं. "उद्या एकादशी. खाद्यमहोत्सवाला तुम्ही दोघंच जा. मी त्या परदेशी लोकांचं काय खाणार?"

उद्या महोत्सवाचा शेवटचा दिवस होता आणि त्यांना घरी ठेवून जाणं माझ्या जिवावर आलं होतं. मी पटकन बोलून गेले, "आई, हा साबुदाणा ज्या कंदाचा करतात ना, तो मूळचा ब्राझीलकडचा. बटाटा, शेंगदाणे, मिरचीसुद्धा तिकडचीच. तुमचं उपासाचं अख्खं ताट परदेशी आहे! आणि तिथे ब्राझीलचाही स्टॉल आहे."

त्यांचा हात पाण्यातच थांबला. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची जन्माची खिचडी बंद केली.

सासूबाईंनी पदराला हात पुसले, आत जाऊन कपाट उघडलं आणि ठेवणीतली इरकल बाहेर काढली.

"इतकी वर्षं त्यांचं खातेय, एकदा भेटून तरी येऊ," त्या म्हणाल्या. "आणि सकाळी जास्तीची खिचडी कर. डबाभर बरोबर नेऊ. त्यांच्या कंदाचं आपण काय सोनं केलंय, ते त्यांनाही कळू दे."