डोळ्यांचा डॉक्टर

साहेबांची गाडी तारापूरहून निघाली असेल, आणि पडवीत अजून माणसं बसलेलीच होती.

मोरेश्वर तांडेलने पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. "आई, यांना जायला सांग ना."

"कसा सांगू? आशेनं आलेत," जमना चुलीपाशून म्हणाली. "जरा बघ त्यांचे डोळे. तुला काय जड हाय?"

मोरेश्वर मुंबईच्या एका संस्थेत संगणकाला बघायला शिकवत होता. कॅमेऱ्यासमोरून वस्तू गेली की ती धड आहे की फुटकी, हे यंत्राने ओळखायचं. इथल्या एडवणच्या शाळेतून पालघरच्या कॉलेजात, तिथून मुंबई, मग परदेशात डॉक्टरेट. परत आल्यावर हे काम त्याने शून्यातून उभं केलं. आज तारापूरच्या एका औषधाच्या कारखान्यात त्याच्या कॅमेऱ्याने सरकत्या पट्ट्यावरच्या तुटक्या गोळ्या बरोबर टिपून दाखवल्या होत्या. संचालक बेडेकर खूश होते. संस्थेत या विषयाचा वेगळा विभाग निघणार होता आणि त्याचा प्रमुख तेच ठरवणार होते. "तांडेल, आज तुमच्या घरचे मासे खाणार," ते म्हणाले. "तुम्ही पुढे व्हा."

तो पुढे आला, तर पडवीचा दवाखाना झालेला.

हे आईचंच काम. डॉक्टरेट मिळाली तेव्हा तिने विचारलं होतं, "कसला डाक्टर रे तू?" दिसण्यावर काम करतो, असं त्याने सांगितलं. "म्हणजे डोळ्याचा?" "तसंच समज," तो म्हणाला होता. एवढं सगळं तिला समजावत कोण बसणार? तिने ते गावभर केलं.

"डाक्टर, माझा एक डोळा भरतीला लागलाय, दुसरा ओहोटीला," म्हातारा दामू नाखवा म्हणाला. सगळे हसले.

"दामूकाका, मी नंतर बोलतो. माझे साहेब येतायत."

"मंग साहेबाला पण बसव रांगेत," येसूबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता. "माझा मोतीबिंदू पालघरच्या शिबिरात काढला. पण आता पाणी येतंय. आमी दोगी गेलेलो टेंपोतून, मी आणि तुझी..."

तो ऐकतच नव्हता. बेडेकर हसतील, संस्थेत जाऊन सांगतील. तांडेल गावात डॉक्टर म्हणून मिरवतो, पडवीत रोगी तपासतो. मग कसला विभाग आणि कसलं प्रमुखपद?

तो आत गेला. जमना चहा ओतत होती. कपात बोट धरलं होतं. चहा बोटाला लागला तसा तिने हात थांबवला.

"आई! साहेबांसमोर असं कपात बोट घालू नकोस, हात जोडतो."

"बरं बाबा." तिने बोट पदराला पुसलं. तिच्या लुगड्याला मासळीचा वास येत होता आणि काठावर हळदीचा डाग होता. निघताना फोनवर दुसरं नेस म्हणून एवढं सांगूनही तिने तेच नेसलं होतं. आईची लाज वाटते, या विचाराचीच त्याला लाज वाटली. पण म्हणून वाटायची थांबली नाही.

"मोरू, माझा राहिला ना," ती म्हणाली.

ती काय म्हणते ते त्याला ठाऊक होतं. दर खेपेला ती असंच करायची. उंबऱ्यावर उजेडाकडे तोंड करून बसायची, हनुवटी वर करायची आणि पापणी न लववता म्हणायची, बघ. लेकाने आपल्याकडे क्षणभर बघावं, एवढीच म्हातारीची हौस. तोही बघायचा.

आताही ती बसली. त्याने घाईघाईने पाहिलं.

"छान आहेस. काही झालेलं नाही तुला."

ती समाधानाने उठली. भिंतीला हात लावत चुलीकडे वळली.

इतक्यात वळणावर हॉर्न वाजला.

मोरेश्वर पडवीत धावला. "उठा सगळे! घरी जा!"

"आरं, मुंबईच्या लोकांचे बघतोस, आमच्या डोळ्यांत काय माती हाय?" येसूबाई चिडली. "आईचे बघतोस ते बरं!"

त्याचा तोल गेला. "मी डोळ्यांचा डॉक्टर नाही! कळलं? मी यंत्रांचं काम करतो. माणसाच्या डोळ्यांतलं मला काही म्हणजे काही कळत नाही!"

दामू नाखवा काठी टेकत उठला. "मंग आदीच सांगायचा ना, डाक्टर," तो हळूच म्हणाला. एकेक करून सगळे गेले. मोरेश्वरने सुटकेचा श्वास सोडला. वेळेवर झालं होतं.

गाडी अंगणात थांबली. बेडेकर उतरले. "कुठे आहेत आई?"

जमना दारात आली होती. मोरेश्वर पायरीवर उभा होता, पण ती पडवीच्या खांबाकडे तोंड करून बोलली. आवाज अगदी शांत होता.

"शिबिरातल्या डाक्टरनं सांगितलेला, आताच कापून घे, नायतर दोनी डोळे जातील. मी बोलले, माझा मोरू दर खेपेला बघतो, काय झाला नाय म्हणतो. आणि तशीच टेंपोत येऊन बसले."