सोडलेला भात

गोदूबाई वजनकाट्यावर चढली तेव्हा नर्सला वाटलं, काटाच बिघडला असावा. तिनं गोदूबाईला खाली उतरवलं, काटा सरकवून नीट टेकवला आणि पुन्हा चढायला सांगितलं. गोदूबाई हसत चढली. आज तिची किडनी पोराला द्यायचं पक्कं होणार होतं. त्यासाठी ती कुळगावहून उल्हासनगरच्या या हॉस्पिटलात ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती.

भिंतीलगतच्या बाकावर तिचा एकुलता एक अमित बसला होता. कधीकाळी त्याच्या दंडांनी शर्टाच्या बाह्या उसवायच्या. आता शर्ट खांद्यावरून ओघळत होता. बॉडी बनवायचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा त्यानं आधी भात सोडला, मग चपाती, मग मीठ. स्पर्धेच्या तोंडावर तर पाणीसुद्धा. "सोडशील तर दिसशील," असं जिममधला मुकेश म्हणायचा, आणि वरून कसल्या कसल्या पावडरी अन् इंजेक्शनं द्यायचा. कप मिळाला. मागोमाग पायांना सूज आली, आणि तपासलं तर दोन्ही किडन्या गेलेल्या. अति तिथं माती, हे सांगायला मग अख्खी आळी गोळा झाली. माती होईपर्यंत कुणी तोंड उघडलं नव्हतं.

सोडायची ही खोड पोरानं आईचीच उचलली होती. नवऱ्याचा, रघूचा पाय मोडला तेव्हा गोदूबाईनं चहा सोडला, हाड सांधलं. अमित बारावीला बसला तेव्हा मासळी सोडली. मासळीवाचून पान न हलणाऱ्या आगरी घरात मासळी सोडणं ही थट्टा नव्हे. पोरगा पास झाला. देवीशी तिचा व्यवहार असा चोख होता.

अमितला किडनी द्यायची वेळ आली तेव्हा रघू शुगरमुळे बाद झाला. गोदूबाईची मात्र जुळली. "प्रकृती अगदी ठणठणीत आहे तुमची," असं तेव्हा याच हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्याच संध्याकाळी गोदूबाई गावदेवीसमोर उभी राहिली आणि ऑपरेशन पार पडेपर्यंत तिनं भात सोडला. जन्मभर दोन्ही वेळा भातावर वाढलेली बाई. पुढे सरकारी परवानगी लांबली, तेव्हा तिनं डाळ सोडली. डायलिसिस चालू असताना अमितला चक्कर आली, तेव्हा सकाळचं जेवणच सोडलं. रात्रीची एक कोरडी भाकरी तेवढी उरली. शेजारची बकुळा आपल्या सुनांना सांगायची, "आई असावी तर अशी." त्यात खोटं काही नव्हतं. वाईट एवढंच, की त्या कौतुकानं गोदूबाईची उरलीसुरली भूकही मारली.

अमित मात्र आता जेवायला शिकला होता. थोडं थोडं, रोज, वेळेवर, असं डॉक्टरीणबाईंनी त्याला बजावलं होतं. ज्या भाताला त्यानं नाक मुरडलं होतं, तोच आता वाटीनं मोजून मिळायचा आणि शेवटच्या शितापर्यंत गोड लागायचा. त्यातला घास तो आईपुढे धरायचा.

"आई, एक तरी खा ना. पाया पडतो तुझ्या."

"तू बरा हो, मंग तुझ्याच ताटात जेवीन," ती म्हणायची. "देवीला शब्द दिलाय."

आणि भांडी घासायला उठायची. हल्ली उठताना तिला भिंत धरावी लागायची. अमितला ते दिसायचं. पण सोडून सोडून स्वतःचं वाटोळं केलेल्या पोरानं आईला काय तोंडानं शिकवायचं?

काटा बिघडला नव्हता; नर्सनं ते कमी भरलेलं वजन लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. त्यांनी रक्ताचे रिपोर्ट वाचले, मग खुर्ची पुढे ओढून गोदूबाईच्या डोळ्याची खालची पापणी खाली केली. आतली लाली पार उडाली होती.

"मला ही किडनी घेता येणार नाही," त्या म्हणाल्या.

गोदूबाईला आधी कळलंच नाही. ती अमितकडे बघून हसली. मग तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.

"पन जुललेली ना? तुम्हीच बोललेल्या."

"जुळली होती. तेव्हा तुम्ही जेवत होतात."

अमितनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलायला लागले. डॉक्टरीणबाईंचाही आवाज उतरला. त्या म्हणाल्या, अंगात रक्त नाही, ताकद नाही. अशा बाईला टेबलावर घेतलं तर ती परत उठायची नाही. काही महिने पोटभर आणि सगळं खावं लागेल. मग पुन्हा तपासू. तोवर अमितनं तग धरायला हवा, आणि त्याची खात्री त्या देऊ शकत नव्हत्या.

गोदूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. ज्या पोरासाठी तोंडचा घास दूर सारला, त्याचाच श्वास आपण आखूड केला, हे तिच्यापर्यंत पोहोचलं की नाही, अमितला कळेना. देवा, पोहोचू नये, असंच त्याला वाटलं.

मग तिचा चेहरा हळूहळू उजळला. तिला वाट सापडली होती, आयुष्यभर पायाखालची. ती खुर्चीच्या कडेवर पुढे सरकली आणि तिनं हात जोडले.

"मॅडम, माझ्या अंगात रगत भरलं पायजे ना? मंग बोला," ती म्हणाली, "त्याच्यासाठी आता काय सोडू?"