शून्य ते दहा

साहेब, तो कागद तुम्ही पाठवलात आणि त्यात माडिया बोलणाऱ्या बाईला जागाच ठेवली नाहीत. ज्यांचा आजार बरा होणार नाही, पण दुखणं तरी कमी करता येईल, असे पेशंट त्यावरून निवडायचे होते. दुखणं किती, ते शून्य ते दहात पेशंटनेच सांगायचं.

सात नंबरच्या खाटेवर रुखमाबाई होती. पोटात गाठ, मराठीचा गंध नाही. रंजीता सिस्टरने विचारलं, ती गप्प राहिली. सिस्टरने शून्य लिहिलं आणि बाईचं नाव यादीतून गळलं.

"शून्य काऊन लिवलं, बाई?" तिचा मुलगा बुधू म्हणाला. "माय खाट वाजवून सांगून राह्यली ना तुमाले."

हातातल्या कड्याने ती खाटेची लोखंडी दांडी वाजवायची. सिस्टरला तो चाळा वाटला होता.

नवा कागद भरायच्या आतच रुखमाबाई गेली. कडं बुधूने नेलं.

चौथ्या दिवशी, भर दुपारी, सिस्टर त्या रिकाम्या खाटेवर चादर घालत होती. दांडी वाजली.

"कोणी आलं का वो त्या खाटेवर?" शेजारच्या खाटेवरून गुणवंतरावांनी विचारलं.

सिस्टरने चादरीचं टोक गादीखाली खोचलं. मग दांडीवर तळहात ठेवला आणि मोजायला लागली. प्रत्येक ठोका हाताला लागत होता. आठ. नऊ. दहा.

अकरा. बारा.

ती अजून मोजते आहे, साहेब. तुमच्या कागदावर दहाच्या पुढे रकाना नाही. पुढचा आकडा तिने कुठे लिहायचा, ते सांगा.